रिंग रोडवरचा बॅडमिंटन क्लास: सहा महिन्यांचा हिशेब

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. काउंटरच्या मागे बसून बावीस वर्षं झाली. त्यामुळे पैसे मोजून घेतलेल्या कुठल्याही गोष्टीचा हिशेब लागल्याशिवाय मला चैन पडत नाही, मग तो मिक्सर असो की बॅडमिंटनचा क्लास. जानेवारीपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा ते सात मी बॅडमिंटन शिकते आहे. वय सत्तेचाळीस, उंची बरोबर पाच फूट. वजन विचारू नका.

क्लासचं नावही विचारू नका. सरांनी स्वतः हात जोडले, "काकू, सकाळची बॅच फुल्ल आहे, अजून लोक पाठवू नका ना." आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्ती नगर, प्रताप नगरकडच्यांना रिंग रोडच्या आतल्या गल्लीतला निळ्या पत्र्याचा हॉल म्हटलं तरी कळेल. बाकीच्यांनी आपापल्या भागात शोधावा. शोधताना काय बघायचं, ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

सुरुवात दिवाळीत झाली. आमच्या कॉलनीत थंडी पडली की रात्री जेवणानंतर बॅडमिंटन असतंच. दोन विजेच्या खांबांना दोरी, दोरीवर कुणाची तरी जुनी ओढणी, आणि वारा आला की शटल समोरच्यांच्या गच्चीवर. या खेळात मी पंधरा वर्षं स्वतःला बऱ्यापैकी समजत होते. दिवाळीला भाऊ पुण्याहून आला, सोबत त्याची बारा वर्षांची मुलगी. ती तिकडे क्लासला जाते. तिने मला २१-३ ने हरवलं. माझ्या तीन पॉइंटांपैकी एक तिची चप्पल निसटली म्हणून मिळाला होता. वर म्हणते कशी, "आत्या, तू शटल मारत नाहीस, हाकलतेस."

वर पुणेरी टोमणा वेगळाच. हा खेळ म्हणे त्यांच्या गावचा. दुर्दैवाने ते खोटंही नाही. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, त्याला 'पूना'च म्हणत, आणि १८७०च्या दशकात त्याचे सुरुवातीचे नियमही तिथेच लिहिले गेले. मी तिला म्हटलं, नियम तुमचे असतील, पण मालविका बनसोड आमची आहे. नागपूरच्या या पोरीने जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत इंडिया ओपनला सायना नेहवालला हरवलं, हे मला पेपरमुळे पाठ होतं. भाची गप्प बसली. मी मात्र त्याच आठवड्यात क्लास शोधायला लागले.

पहिला क्लास फसला. तो कुठला ते सांगत नाही. जाहिरात मोठी, हॉल चकचकीत, एसीसुद्धा. पहिल्याच दिवशी आम्हा सहा नवख्यांना दोन कोर्टांवर सोडलं आणि "खेळा, मी बघतो" म्हणून शिकवणारा मोबाईल घेऊन बसला. माझ्या पायात सकाळच्या फिरण्याचे जाड टाचेचे बूट. कुणी ते बघितलेही नाहीत. नवव्या दिवशी मागे जाताना उजवा घोटा बाहेरच्या बाजूला वळला आणि मी तिथेच बसले. अकरा दिवस क्रेप बँडेज, ऑफिसात स्टुलावर पाय. महिन्याची फी परत मागितली तर उत्तर आलं, पॉलिसी नाही. नऊ दिवसांचे साडेतीन हजार, म्हणजे दिवसाला जवळजवळ तीनशे एकोणनव्वद रुपये आणि वर एक घोटा. ते खातं बंद केलं.

या दुसऱ्या क्लासला गेले तेव्हा सरांनी हात बघायच्या आधी पाय बघितले. म्हणाले, "मॅडम, हे बूट उद्या आणू नका." (तेव्हा मी मॅडम होते. काकू फेब्रुवारीत झाले.) पळायचे किंवा चालायचे बूट सरळ जाण्यासाठी असतात. टाच उंच आणि मऊ, त्यामुळे बाजूला झुकलं की ती दबते आणि घोटा कलंडतो. बॅडमिंटनला सपाट, पातळ, गमसोलचे (रबरी तळाचे), नॉन-मार्किंग (कोर्टावर डाग न पाडणारे) बूट लागतात. ही गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगणारा माणूस कामाचा, हे माझ्या घोट्याने लगेच ओळखलं.

आता खरी गंमत. पहिले तीन आठवडे आम्हाला शटल मिळालंच नाही.

आमच्या बॅचमध्ये आठ जण. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले एक काका, औषधाचं दुकान चालवणारी एक ताई, इंजिनीअरिंगची दोन पोरं, नववीतली एक डावखुरी मुलगी, एक नवरा-बायको आणि मी. चौथ्या दिवशी काकांचा पारा चढला. "पैसे खेळायचे दिले का कवायतीचे?" सर सत्तावीस-अठ्ठावीसचे असतील, पण आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "काका, घर बांधून राहिलो ना आपण. आधी पाया होऊ द्या, मग पेंट पाहू." सिंचनवाल्या माणसाला पाया म्हटल्यावर पुढे बोलता आलं नाही.

पहिला धडा रॅकेट धरण्याचा. मला वाटलं त्यात काय शिकायचं? तवा धरतात तशी मी धरत होते, जाळी सरळ समोरच्याच्या तोंडाकडे. गल्लीत खेळणारे बहुतेक जण अशीच धरतात. समोरून छातीच्या उंचीवर आलेलं शटल त्याने ठोकता येतं, पण डोक्यावरून किंवा डावीकडून आलं की हात अडकतो. सरांनी रॅकेट दांडीला धरून मूठ माझ्याकडे केली आणि म्हणाले, "हिला नमस्ते नका करू, शेकहँड करा." शेकहँड केला की अंगठा आणि तर्जनीमध्ये इंग्रजी व्ही होतो, तो मुठीच्या अरुंद कडेवर बसला पाहिजे. बोटं सैल. शटलला लागण्याच्या क्षणी तेवढी आवळायची आणि परत सैल सोडायची.

सैल म्हणजे किती, याची त्यांची परीक्षा आहे. आपण रांगेत उभं राहायचं, ते मागून केव्हातरी येतात आणि रॅकेट ओढतात. हातातून सुटली तर पास, नाही सुटली तर नापास. मी चार दिवस नापास. हातातली वस्तू कुणी ओढली की घट्ट धरायची, ही बावीस वर्षांची सवय. कॅशियरच्या हातून काही सुटलं तर ते पगारातून भरावं लागतं. शेवटी सरांनी विचारलं, नोटा मोजताना बंडल कसं धरता? मी धरून दाखवलं. डाव्या हातात गड्डी, पडणार नाही इतकीच पकड, नाहीतर नोट सरकणार कशी? "बस, तसंच धरा," म्हणाले. पाचव्या दिवशी रॅकेट त्यांच्या हातात गेली आणि मी पास झाले.

बॅकहँडला, म्हणजे डाव्या बाजूच्या फटक्याला, याच धंद्याचा फायदा झाला. त्यासाठी अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर आडवा टेकवायचा आणि त्याने पुढे ढकलायचं. ताईंचा अंगठा आठवडाभर दुखला, पोरांचाही. माझा नाही. मोजायचं मशीन आमच्याकडे उशिरा आलं, तोवर लाखांच्या नोटा याच अंगठ्याने सरकवल्या आहेत. सर म्हणाले, बॅचमध्ये सगळ्यात चांगला अंगठा तुमचा. आयुष्यात अशी तारीफ कुणी केली नव्हती. तरी घाई झाली की हात जुन्या सवयीवर जातो आणि तिसऱ्या कोर्टावरून ओरडा येतो, "काकू, तवा!"

मग पाय. कोर्टाला सहा कोपरे असतात, असं सर म्हणाले तेव्हा मी हळूच मोजले. चारच होते. पण खेळणाऱ्याच्या हिशेबाने पुढे दोन, बाजूला दोन, मागे दोन, आणि प्रत्येक वेळी मधोमध परत यायचं. कोर्टाची पूर्ण लांबी १३.४० मीटर, म्हणजे आपल्या वाट्याला निम्मी, ६.७० मीटर. ऐकायला काहीच नाही. सर नेटपाशी उभं राहून बोट दाखवतात, त्या कोपऱ्यात जायचं, हवेत रॅकेट फिरवायची, मध्ये यायचं. पहिल्या दिवशी वीस कोपऱ्यांत मला आमच्या सोसायटीचे तीन जिने चढल्यासारखं झालं.

दोन गोष्टींवर ते फार अडून बसतात. समोरचा शटल मारतो त्याच क्षणी आपण जागच्या जागी एक छोटी उडी घ्यायची, दोन्ही पायांवर. पोरं याला स्प्लिट स्टेप म्हणतात, सर नुसतं "हॉप". त्याने गुडघे वाकलेले राहतात आणि कुठल्याही दिशेला निघता येतं. मी पुतळ्यासारखी उभी राहून शटल कुठे जातं ते बघत बसायचे. "शटल येऊन राहिलं काकू, पाहून काय राहिल्या?" दुसरी गोष्ट, नेटजवळ शेवटचं लांब पाऊल रॅकेटच्या बाजूच्या पायाचं, टाच आधी टेकवायची, आणि गुडघा बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. हे त्यांनी माझ्याकडून आरशासमोर शंभरदा तरी करून घेतलं असेल. घोटा एकदा वळल्याचं सांगितलं होतं, म्हणून माझ्यावर जास्त नजर. पहिल्या क्लासला नऊ दिवसांत जे गेलं, ते इथे सहा महिन्यांत परत आलं. गुडघा अजून एकदाही कुरकुरला नाही.

याच काळात मला २०१७ची राष्ट्रीय स्पर्धा आठवली. मानकापूरच्या क्रीडा संकुलात झाली होती. फायनलची तारीख मी विसरूच शकत नाही, ८ नोव्हेंबर. बरोबर एक वर्षापूर्वी त्याच रात्री नोटबंदी जाहीर झाली होती आणि पुढचे दोन महिने काउंटरवर आमचं काय झालं ते आम्हालाच ठाऊक. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून मानकापूरला गेले. सायनाने सिंधूला २१-१७, २७-२५ असं हरवलं. तो दुसरा गेम संपता संपेना. मी वरच्या रांगेत उभी राहून टाळ्या पिटत होते आणि मला फक्त स्मॅश, म्हणजे वरून खाली हाणलेले जोरदार फटके, दिसत होते. आता मार्चमध्ये मोबाईलवर त्याच दोघींचे जुने व्हिडिओ काढून बसले, तर स्मॅशकडे लक्षच जाईना. नजर सारखी पायांकडे. समोरचीने मारलं की इकडे हॉप. प्रत्येक वेळी, न चुकता. प्रत्यक्ष त्या बघितल्या होत्या आणि हे तेव्हा दिसलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात शटल आलं. आधी सर्व्हिस, तीसुद्धा बॅकहँडची, बुटकी. शटल पिसांच्या टोकाला दोन बोटांत धरायचं, बनावट आहे का बघताना नोट उजेडात धरतो तसं. सोडायचं आणि अंगठ्याने ढकलायचं. ते नेटला घासून जावं आणि नेटपासून १.९८ मीटरवरच्या रेघेच्या जरासं पलीकडे पडावं. नेट मधोमध १.५२४ मीटर उंच असतं, खांबांपाशी १.५५. मीटरवारीत कळत नाही, पण १.५२४ म्हणजे बरोबर पाच फूट, म्हणजे मी. नेटच्या मध्याला उभी राहिले की वरची पांढरी पट्टी आणि माझी टाळू एका रेषेत. पोरांना पट्टीवरून पलीकडचं सगळं दिसतं, मला जाळीतून बघावं लागतं.

पण सर्व्हिसला ठेंगणेपणाने साथ दिली. नियम असा आहे की मारताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली पाहिजे. सरांनी हॉलच्या खांबाला त्या उंचीवर लाल टेप लावली आहे. ती माझ्या छातीशी येते, सहा फुटी पोराच्या कमरेच्या जरा वर. तो वाकून वाकून सर्व्हिस करतो, मी ताठ उभी राहून. काका रोज फाउल. "आमच्या वेळी असं नव्हतं," म्हणतात. त्यांच्या वेळी सर्व्हिस आपली असेल तरच पॉइंट मिळायचा, गेम पंधराचा. २००६ पासून प्रत्येक रॅलीला (सर्व्हिसपासून शटल पडेपर्यंतच्या खेळाला) पॉइंट आणि गेम एकवीसचा झाला, हे काकांनी अजून मनातून मान्य केलेलं नाही. हरले की ते जुन्या पद्धतीने मोजतात.

मागून मागे उंच मारायचा क्लिअर मात्र मला नऊ आठवडे आला नाही. मी जोर लावायची, खांदा दुखायचा आणि शटल नेटपलीकडे कसंबसं पडायचं. मला वाटायचं सगळं काम मनगटाच्या झटक्याचं. सरांनी माझ्या हातातली रॅकेट काढून घेतली आणि विचारलं, तिजोरी तुम्हीच उघडता ना? उघडून दाखवा. मी हवेत मूठ धरून फिरवली. "हेच! मनगट वाकलं का? नाही. कोपरापासून खालचा हात फिरला." अंग आडवं करून उभं राहायचं, कोपर वर, शटल डोक्याच्या जरा पुढे असतानाच गाठायचं, आणि हात तिजोरीच्या मुठीसारखा आत फिरवायचा. त्या बुधवारी सातव्या की आठव्या शटलला 'टप्प' असा वेगळाच आवाज आला. ओळखीचा नाही, फटकन नाही, कोरड्या लाकडावर बोट वाजवल्यासारखा. शटल पत्र्याकडे वर गेलं आणि पलीकडच्या मागच्या रेघेच्या आत वीतभर पडलं. मी खांदा चाचपला. दुखत नव्हता. त्या दिवशी ऑफिसात तिजोरी उघडताना सोबतच्या किल्लीवाल्या साहेबांना मी हे समजावून सांगितलं. त्यांना कळलं नाही.

आता खर्च. प्रवेश फी ५००, महिन्याला १,८००. महिन्यात बारा-तेरा दिवस पडतात, म्हणजे दिवसाला साधारण १४० ते १५० रुपये. प्लास्टिकची शटल यातच. पिसांची वापरायला लागलो तेव्हापासून २५० रुपये वेगळे. बूट २,३००. रॅकेट सीताबर्डीतून १,९००ची. दुकानदार साडेचार हजारांची गळ्यात मारत होता, "मॅडम, यात पॉवर आहे." सरांनी कागदावर लिहून दिलं होतं: ४ यू, म्हणजे वजन ८० ते ८४ ग्रॅम, आणि तारांचा ताण २२ पौंड. शिकाऊ माणसाला तार फार कसलेली नको. सैल असली तर शटल सहज लांब जातं, कसलेली असेल तर ताकद आपली घालावी लागते. कागद दाखवल्यावर दुकानदार मुकाट्याने खालच्या फळीकडे वळला.

शटलचा मामला मात्र मोठा आहे, आणि नागपुरात तर विशेष. पिसांच्या शटलला सोळा पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. रुपयाच्या चिन्हाचं, पण २०१९च्या आधीचं दोनचं नाणं तळहातावर ठेवून बघा, साधारण तेवढंच. इतक्या हलक्या वस्तूला हवा जशी असेल तसं वागावं लागतं. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, शटलला कमी अडवते, ते सुसाट जातं. म्हणून डब्यावर ७५, ७६, ७७ असे आकडे असतात. लहान आकडा म्हणजे हळू शटल. थंडीत आम्ही ७७ वापरत होतो, मेमध्ये ७५. प्लास्टिकमध्ये हेच टोपीच्या पट्टीच्या रंगावरून कळतं: हिरवी हळू, निळी मधली, लाल वेगवान. आमच्याकडे एप्रिल लागला की हिरवी. नवा डबा उघडला की सर मागच्या रेघेवरून खालून वर पूर्ण ताकदीने एक शटल मारून बघतात. ते पलीकडच्या मागच्या रेघेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर ठीक, नाहीतर डबा बाजूला.

दुसरा त्रास कोरड्या उन्हाचा. पिसं वाळून कडक होतात आणि दोन फटक्यांत मोडतात. त्यावर उपाय म्हणजे वाफ. डब्याची दोन्ही टोकं उघडून काही सेकंद वाफेवर धरायचा, बंद करून रात्रभर ठेवायचा. आठवड्यातून एकेकाची पाळी. माझी पाळी आली तेव्हा सकाळचा चहा उकळत होता, मी डबा त्याच्याच वाफेवर धरला. तेवढ्यात फोन वाजला. काही सेकंदांची दोन-तीन मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी डबा उघडला तर पिसं पावसात भिजलेल्या कोंबडीसारखी आणि सगळ्या हॉलमध्ये आल्याचा वास. बारा शटलं. एकही शिवी नाही. पिसांचा तो डबा मी भरून दिला, आणि सर अजून सर्व्हिसला माझा नंबर आला की म्हणतात, "काकूंना चहावालं द्या."

आता तक्रारी, कारण त्या बऱ्याच आहेत.

हॉल पत्र्याचा आहे. मेमध्ये पहाटे साडेपाचला बॅच सुरू करूनही आत भट्टी. कूलर चार आहेत, पण खेळताना बंद ठेवावे लागतात, कारण वाऱ्याने शटल वाहवत जातं. मधल्या पाच मिनिटांत लावतात तेव्हा सगळे त्यांच्यासमोर रांगेत, लग्नात पंगतीला बसल्यासारखे. मॅट घामाने ओली होते आणि पुसायला एकच मॉप, तोही ताईंनी घरून आणलेला. तिसऱ्या कोर्टाच्या वरचा दिवा फेब्रुवारीपासून लुकलुकतो. उंच शटलकडे बघायला गेलं की डोळ्यांत येतो. बायकांसाठी कपडे बदलायला जागा आहे, पण कडी लागत नाही, त्यामुळे ताई आणि मी आळीपाळीने दाराशी पहारा देतो. पार्किंग म्हणजे गल्ली. शेजारचे आजोबा सहा वाजता झाडू घेऊन बाहेरच उभे असतात. मी जयताळ्याहून स्कूटीने येते, चारचाकीवाल्यांनी विचार करूनच यावं.

सात वाजता लहान मुलांची बॅच सुरू होते आणि मुलं पावणेसातलाच कोर्टावर धावत येतात. सरांना आवरता येत नाहीत. एकदा माझ्या क्लिअरखाली दुसरीतला एक पोरगा आला, थोडक्यात वाचला. या बाबतीत मी सरांशी खरंच भांडले. आता दोरी बांधतात. दोरीखालून येतात.

आणि एक, स्मॅश अजून शिकवलेला नाही. सहा महिने झाले. काका रोज विचारतात. डावखुऱ्या मुलीला मात्र सुरुवात करून दिली, कारण तिचे पाय तयार झाले म्हणे. तिच्या बॅगेला मालविकाचा फोटो लटकवलेला आहे. मालविका डावखुरी, म्हणून हिच्या दृष्टीने प्रश्न मिटला. तिचा स्मॅश डावीकडून असा काही तिरका येतो की माझ्या बॅकहँडला, तो सगळ्यात चांगला अंगठा असूनही, कळतच नाही. घाई असलेल्यांनी या क्लासला येऊ नये. ज्यांना पहिल्या रविवारी मित्रांसोबत खेळून फोटो टाकायचे आहेत, त्यांच्यासाठी ताशी भाड्याने कोर्टं आहेत, तिथे जावं. वजन उतरवायला येणाऱ्यांनाही सांगते, शुक्रवारी क्लासनंतर आमची बॅच तर्री-पोहे खायला जाते, त्यामुळे तो आकडा जिथल्या तिथे आहे.

मेच्या सुट्टीत भाऊ परत आला. भाचीला मी हॉलवर घेऊन गेले, सरांना सांगून अर्धा तास कोर्ट मागितलं. पहिल्या रॅलीला तिने मुद्दाम माझ्या बॅकहँडला मारलं. मी अंगठा टेकवला आणि नेटजवळ परत टाकलं. ती पोचली नाही. कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "आत्या, हे कुठून शिकलीस?" मग तिने मला सांभाळून खेळणं सोडलं आणि नीट खेळायला लागली. २१-१४. हरलेच, पण यात चपलेचा एकही पॉइंट नव्हता. आणि एकदा तिच्या क्लिअरला धावताना मी घाबरून तवा धरला, तेव्हा तिसऱ्या कोर्टावरून सर "तवा!" ओरडले, आणि समोरून तीही.

पैशाच्या बाबतीत एकच मोठी तक्रार राहिली. सर फी रोख घेतात, वहीत लिहितात आणि पावती देत नाहीत. जानेवारीपासून मागते आहे. कॅशियरला पावती न देणं म्हणजे काय, हे त्यांना कळत नाही. मार्चमध्ये मी स्वतःच ऑफिसजवळच्या स्टेशनरीतून पावतीपुस्तक घेऊन दिलं, कार्बनसकट. ते शटलच्या कपाटात वरच्या फळीवर दिसतं. पाऊस सुरू झाला आहे, तिसऱ्या कोर्टावर आता दिव्यासोबत पाणीही गळतं, आणि जुलैची फी मी कालच भरली. पावती अजून नाही.